मुद्रांकावरचं गाणं

"तुमचं ब्लूटूथ चालू करा बरं."

रामराम नाही, चहापाणी नाही. माणूस दिसला की तो खिशातून मोबाईल काढायचा आणि समोरच्याच्या मोबाईलला पाठीला पाठ लावून धरायचा. असं चिकटवावं लागत नाही, हे मी त्याला कितीदा सांगितलं. "राहू द्या ना भाऊ, गाण्याले ऊब लागते," म्हणायचा.

तुमच्यापैकी ज्यांनी तेव्हा मोबाईलचं मेमरी कार्ड गाण्यांनी भरून घेतलं असेल, त्यांना माझ्यासारख्यांची दुकानं आठवतील. बसस्टँडसमोर टपरी लावून मी स्वतःच्या हिमतीवर कॉम्प्युटरपर्यंत पोचलो होतो. कापूस विकून आलेली पोरं नवा मोबाईल घ्यायची आणि कार्ड माझ्याकडे भरायची. गाणी इंटरनेटवरून फुकट उतरवलेली. पैसे भरून देण्याचे. कायदा कोणी विचारत नव्हतं.

तो बीबी गावाकडचा, कपाशीवाला. बीटी बियाण्याच्या थैलीसाठी दुकानापुढे रांगेत उभा असताना त्यानं एक गाणं रचलं, बाईच्या तोंडचं: 'बियाची थैली नवी गं बाई, धनी माहा जुना.' जालन्याला जाऊन रेकॉर्डही करून आला. मी ऐकलं आणि खुर्चीतून उठायचाच बाकी होतो. हे घराघरात वाजणार. पण मी तोंड वाकडं केलं. भाव करायचा तर तेच करावं लागतं.

"आवाज फाटला आहे बे."

"फाटू द्या. काय देता?"

त्यानं तीन हजार मागितले, मी आठशेवर आणलं. मुद्रांकावर लिहून घेतलं: हे गाणं फक्त माझ्याच दुकानातून मिळेल. हजारो गाण्यांत पैसे देऊन घेतलेलं हे एकच. सही करून तो पायरी उतरला आणि पानवाल्याला म्हणाला, "तुमचं ब्लूटूथ चालू करा बरं."

मी धावलो. "अबे, विकलं ना तू मले?"

"विकलं ना. तुमच्यापाशी हाय ते कमी झालं काय?" त्याचे डोळे नुसते चमकत होते. "भाऊ, बियाणं दरसाली नवंच घ्या लागते. घरचं पेरलं तं तसं येत नाही. अन् हे पाहा, कितीकाले देल्लं, तरी जसंच्या तसं उगवून राह्यलं."

आठवडाभरात गाणं ट्रॅक्टरवर, लग्नात, मेहकरच्या गाडीत, देऊळगाव राजाच्या बाजारात. ते मागायला माझ्या दुकानात एक माणूस आला नाही.

आला तो मुंबईच्या एका गाण्यांच्या कंपनीचा माणूस, पोलिसांना घेऊन. कॉम्प्युटरसकट मला ठाण्यात नेलं. साहेबांनी विचारलं, "यातल्या कोणत्या गाण्याची परवानगी आहे तुझ्याकडे?" मी मुद्रांक टेबलावर आपटला.

"एकच?"

"एक तर आहे."

तेवढ्यात तो आला. कोणी बोलावलं नव्हतं; बाजारात कळलं म्हणून हातातली पिशवी तशीच घेऊन धावत आला होता. "साहेब, भाऊ चोर नाही. माह्या गाण्याचे पैशे मोजले त्यायनं. ते त्याईचंच हाय. दुसऱ्या कोणापाशी सापडलं तं मले धरा."

खरं सांगतो, मला भरून आलं. माझ्यासाठी ठाण्याची पायरी चढणारा तो एकटाच निघाला.

साहेब म्हणाले, "कोणतं गाणं बे ते?"

त्यानं खिशात हात घातला. "तुमचं ब्लूटूथ चालू करा बरं, साहेब."

कॉम्प्युटर कोर्टातून सुटेपर्यंत जुना झाला, आणि लोक गाणी मोबाईलवरच उतरवू लागले. माझा धंदा बसला. तो राग मी त्याच्यावर काढला. दुकानावरून जाताना तो हात करायचा, मी मान खाली घालायचो. बोंडअळीनं कपाशी खाल्ली, शेवटी त्यानं सगळं सोयाबीन पेरलं, असं कानावर यायचं. मी काही विचारलं नाही.

मागच्या हिवाळ्यात तो झोपेतच गेला. तेरवीला मी गेलो. अंगणात पंगत बसली होती. एकाएकी भिंतीच्या कोनाड्यात त्याचा मोबाईल वाजला. रिंग म्हणून तेच गाणं, तोच आवाज. कोणीतरी उठू लागलं, तर त्याची बायको दारातून म्हणाली, "उचलू नका. वाजू द्या."

वाढणारे थांबले. कडवं अर्ध्यावर आलं आणि रिंग बंद पडली. कोणी घास उचलेना.

मी डाव्या हातानं खिशातला मोबाईल मांडीआड धरला आणि त्याचा नंबर लावला.