आईच्या साडीचा लाल काठ

मार्थे,

गाडी हलली तेव्हा आईनं खिडकीच्या गजांतून एक पुरचुंडी माझ्या हातात कोंबली. "पुण्याले गेल्यावर उघड वं," म्हणाली. मी कसली थांबते! वर्धा यायच्या आत उघडली. वाटलं, चिवडा असेल. आत लाल काठ होता, चार बोटं रुंद, नीट गुंडाळलेला. आदल्या दिवशी ज्या साडीत माझं लग्न लागलं, त्याच साडीचा. समोर नवा नवरा बसलेला, म्हणून रडले नाही. पण डोक्यात जी तिडीक गेली, ती आजही उतरलेली नाही.

तू तेव्हा शाळेत होतीस, तुला कुणी धड सांगितलं नसेल. ती साडी आईच्या लग्नाची. पांढरी हवी म्हणून फादर अडून बसले होते आणि आजी म्हणे, कोरं पांढरं आपल्यात विधवा नेसते, माझी पोर नाही नेसणार. मग पवनीच्या विणकराकडून पांढऱ्या अंगाची, लाल काठाची साडी आणली. त्याच साडीत आईचं लग्न झालं, तुझा-माझा बाप्तिस्मा झाला, दर इस्टरला तीच ट्रंकेतून निघायची. "नवरा जिता हाय, कोरं पांढरं काहून नेसू?" हे आईचं वाक्य तूही ऐकलंयस.

माझं लग्न ठरलं आणि सासूबाई आल्या, साडी बोटानं उचलली, नाक मुरडलं. "पूर्ण व्हाइट पाहिजे. काठ-बिठ गावातल्या बायकांचं. गाऊन नाही तर नाही, पण हे प्रॉपर दिसत नाही." बाबा चहा ढवळत बसले. साखर केव्हाच विरघळली होती! लग्न मोडेल ही सगळ्यांना धास्ती. त्याच आठवड्यात आईनं कात्री घेतली आणि स्वतःच्या हातानं काठ कापला. जिनं जन्मभर कोरं पांढरं घरात येऊ दिलं नाही, तिनं आपल्या पोरीला कोरं पांढरं नेसवून वेदीपुढे उभं केलं. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या.

अगं, पेन्टेकॉस्टच्या सणाला फादर स्वतः लाल झगा घालून वेदीवर मिस्सा करतात! तेव्हा लाल पवित्र आणि आमच्या आईच्या साडीला असलं की गावंढळ? हा कुठला न्याय?

इकडे पुण्यात, लष्कर भागात, मी सगळं शिकले. केक, काटे-चमचे, "गुड इव्हनिंग आंटी". जेवणात ठेचा मागितला की हसतात, तेही सोसलं. पण लेकीच्या बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या फ्रॉकला मी खाली तो अख्खा काठ चुण्या घालून लावला. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांचं मी काडीचंही मनावर घेतलं नाही. पण आई आली होती ना नागपूरहून, तिनं मला कोपऱ्यात ओढलं आणि कुजबुजली, "काढ वं ते. लोक हासतीन."

मार्थे, माझा खरा राग तिथला आहे. सासूबाईंनी साडीचा काठ काढायला लावला, तो मी परत शिवला. आईच्या मनातली लाज कोणत्या सुईनं उसवायची? मी काठ काढला नाही. आई सगळा वेळ फ्रॉकचा घेर हातानं झाकत राहिली.

आणि आता तू लिहितेस, ताई, माझ्या लग्नाला कॅम्पातून गाऊन पाठव, तिकडे सगळ्या तसाच घालतात. तुझ्यावर तर कुणी जबरदस्तीही केली नाही गं! लोक विचारतात, तुमचं घर कुठलं. मी नागपूर म्हणते आणि डोळ्यांपुढे ना गल्ली येते ना चर्च, ती ट्रंक येते.

गाऊन पाठवत नाही. फ्रॉकचा काठ उसवून पाठवते आहे. साडी त्याच ट्रंकेत आहे, तिला शिव. आईलाच शिवायला बस म्हण. ती म्हणेल, काढ वं ते.

काढू नकोस.

तुझी ताई