कोपरापासून चार बोटं

"मान फिरव गं, माले. डोळं गच्च मीट."

आप्पांचं हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. जयसिंगपुरात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, दोन्ही हातांनी लोखंडी अँगल धरून उभी. आप्पा गेट आणि ग्रिलची कामं करायचे. मी लोखंड धरायचं, त्यांनी जोडायचं. वेल्डिंगची काच तोंडापुढं घ्यायच्या आधी ते हे एवढंच म्हणायचे, आणि मी भिंतीकडं तोंड करायची. मिटलेल्या पापण्यांतूनही निळा उजेड आत यायचा. असं अकरावीपर्यंत चाललं. एवढ्या वर्षांत काम करताना आप्पांचा चेहरा कसा दिसतो ते मी पाहिलं नाही, आणि त्यांनी वेल्डिंगची कांडी धरायचा होल्डर माझ्या हातात कधी दिला नाही. चुलतभाऊ संपतला दिला. मला नाही. का नाही, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. या पौषात ते गेले.

आता चैत्र आहे. दुपारचे तीन वाजले असतील. मी माजघरात आडवी पडले आहे, डोळ्यांवर कच्च्या बटाट्याच्या चकत्या आहेत आणि चकत्यांखाली कुणी तिखटात कालवलेली वाळू भरावी तशी आग. होल्डर धरणाऱ्या सगळ्यांना ही आग ठाऊक असते. उघड्या डोळ्यांनी ठिणगीकडं बघितलं की त्या वेळी काही होत नाही. चार-पाच तासांनी ती डोळ्यांत उतरते.

चूक माझीच. शेडमध्ये मी वेल्डिंगचं टेबल करते आहे. आप्पांनी जन्मभर जमिनीवर उकिडवं बसून काम केलं. मला तसं बसवत नाही. वर चार फूट बाय अडीच फुटांची जाड प्लेट, खाली अँगलची चौकट, चौकोनी पाइपचे चार पाय. घण घातला तरी हलू नये असं. सकाळी चौकटीला पाय टाचत होते. एका हातात काच, दुसऱ्यात होल्डर, आणि पाय धरायला तिसरा हात नाही. गुडघ्यानं दाबला, तो सरकला, त्याला सावरायला मी काच टाकली, होल्डर तेवढा तसाच ठिणग्या टाकत राहिला. असं पाच-सहा वेळा झालं. हाक मारायला घरात आई होती. मी मारली नाही.

"हालू नको," आई चकती सारखी करत म्हणते. "घसरली की परत माझ्याच नावानं शंख करशील."

"आई, टेबल झालं की बघायला येशील?"

"काय बघायचंय त्यात? त्या शेडनं एकाचं डोळं खाल्लं, आता दुसऱ्याचं खाऊ दे."

आप्पा गेल्यापासून आईनं शेडमध्ये पाऊल ठेवलेलं नाही. मी साताऱ्याच्या शाळेतून बदली घेऊन इथं आले, ती तिच्याचसाठी. दोघी एका घरात राहतो, दोन्ही वेळा समोरासमोर बसून जेवतो, आणि आप्पांचं नाव काढत नाही. भाजीत मीठ कमी आहे का, एवढंच विचारतो.

आई स्वैपाकघरात जाते. तिला स्वतःशी ओव्या रचायची खोड आहे. तिच्या आईकडून आलेली. कुणी ऐकतंय असं वाटलं की गप्प होते. मी झोपले असं तिला वाटतंय.

लोखंड जडभारी, जाळापुढं होई मऊ
अबोल्या माणसाला, बोलायाला कसं लावू

ओवी कुठं संपते आणि झोप कुठं लागते, कळत नाही. चकत्या गार आहेत. मग त्या गारही नाहीत. मी डोळे उघडते, तर डोळ्यांत काही दुखत नाही, आणि आप्पा माझ्या चौकटीच्या मधोमध उकिडवे बसले आहेत.

अंगात तोच खाकी शर्ट. ठिणग्यांनी त्याला भोकं पडलीत आणि भोकांतून पलीकडची भिंत दिसते.

"हे कुणी जोडलंय?"

"मी."

ते जोडावरून अंगठा फिरवतात. "वेल्डिंगला शेंबूड आलाय की गं."

"एकटीनं केलंय, आप्पा."

"ते दिसतंयच. शिकलीस कुठं?"

"साताऱ्याला. आयटीआयच्या संध्याकाळच्या वर्गात. तुम्हाला सांगितलं नाही."

"मला कळलंतं."

"कसं?"

"दिवाळीला आलीस तवा तुझ्या चपलेच्या पट्ट्याला भोक होतं. ठिणगीचं. दुसरं कशानं तसलं भोक पडत न्हाई."

"मग बोलला का नाही?"

"तू तरी कुठं बोललीस?"

आम्ही दोघं हसतो. हसताना त्यांना खोकला येत नाही, हे मला विचित्र वाटतं, पण मी तसं म्हणत नाही. म्हटलं तर येईल.

चौकट आम्ही दोन बाजूंनी उचलतो. ती दुरडीएवढी हलकी आहे. खाली ठेवतो तेव्हा खाली कृष्णेचा घाट असतो. पाणी शेवटच्या पायरीला टेकलंय आणि हलत नाही. चार पाय पाण्यात उभे. आप्पा प्लेट आणतात, एकटेच, काखेत पाटी धरावी तशी, आणि चौकटीवर ठेवतात. प्लेट आणि पाणी एका रेषेत येतात. कुठं लोखंड संपतं आणि कुठं नदी सुरू होते ते दिसत नाही.

"जोड आता," ते म्हणतात. "कशी जोडशील?"

"या कडेनं सुरुवात करून त्या कडेपर्यंत, सलग..."

"झालं! पापड करशील त्याचा." ते पाण्यावर बसतात. "लोखंड तापलं की आपल्याकडं ओढतं. एकाच कोपऱ्यावर माया केलीस की उरलेलं तीन रुसून वर उठतात. हितं एक टाका मार. मग तिरक्यात समोर. मग तिसरा. मग चौथा. आणि मधी थांबायचं."

"किती थांबू?"

"हात ठेवता येईल इतकं."

मी पहिला टाका मारते. माझ्या हातात होल्डर आहे, तोंडापुढं काच आहे, आणि पलीकडून प्लेट आप्पांनी धरली आहे. मी त्यांना मान फिरवा म्हणायला हवं. म्हणत नाही. ते माझ्याकडं बघत राहतात, त्यांच्या डोळ्यांना काही होत नाही. ठिणग्या वर जातात आणि वरच राहतात. भरदिवसा चांदण्या दिसतात.

मग आम्ही थांबतो, कोपरा निवायची वाट बघत. आप्पांबरोबर असं नुसतं बसायला मला जिवंतपणी कधी मिळालं नाही. त्यांचे हात रिकामे कधी नसायचे. आता ते हात गुडघ्यांवर आहेत.

"आप्पा, एक विचारू?"

"विचार की."

"मला होल्डर का दिला नाही?"

ते सुतळीचा गुंडा काढतात आणि प्लेटचे कर्ण मोजायला लागतात, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. सुतळी संपत नाही. मी तिच्यामागून जाते, तर ती वर्गाच्या बाकांमधून गेलेली असते. माझा साताऱ्याचा वर्ग, सातवी ब. फळ्याच्या जागी प्लेट लावली आहे. आप्पा शेवटच्या बाकावर बसलेत, गुडघे मावत नाहीत म्हणून तिरके.

"हजेरी घ्या, बाई," ते म्हणतात.

मी वही उघडते. वहीत एकच नाव आहे.

"विठोबा ज्ञानू पांचाळ."

आप्पा नुसता हात वर करतात.

"पांचाळ, हजर आहात ना? मग बोला. संपतला दिला. चौदा वर्षांचा होता तो. त्याच्यापेक्षा माझा हात स्थिर होता, तुम्हीच म्हणायचा. तासन्‌तास धरून उभी राहायची, अँगल केसभर हलायचा नाही. मी वाईट धरायची का?"

"तुझ्यासारखं कुणीच धरलं न्हाई."

"मग?"

आप्पा बाकावरची शाई नखानं खरवडतात.

"ते माझं सांगायचं न्हाई, माले."

"मग कुणाचं?"

ते खिडकीकडं बघतात. खिडकीबाहेर मैदान असायला हवं. तिथून भांडी लावल्याचा आवाज येतो, एकात एक वाट्या बसवल्याचा. मी उठून बघायला जाते तर खिडकी एसटीची आहे, मी गाडीत बसलेली आहे आणि आप्पा खाली फलाटावर उभे आहेत. सगळा स्टँड रिकामा. एवढा रिकामा स्टँड मी कधी पाहिला नाही. चहाच्या गाड्यावर वाफ येतेय आणि गाड्यापाशी कुणीच नाही.

"हात बाहेर काढ," आप्पा म्हणतात. "गाडी सुटायच्या आत माप घेतो."

"कशाचं?"

"पाय कापायचं ऱ्हायलंय की. टेबल किती उंच धरलंयस?"

"छत्तीस इंच. तुम्हाला बरं पडेल असं."

"मी कुठं उभा ऱ्हाणार हाय आता तिथं?"

ते अगदी साधेपणानं म्हणतात, पाऊस थांबलाय म्हणावं तसं. ते माझा उजवा हात खिडकीतून बाहेर घेतात, सरळ खाली सोडतात, आणि कोपराच्या हाडापासून खाली आपली चार बोटं आडवी लावतात. त्यांची बोटं तशीच आहेत, खरखरीत, करंगळीचं नख अर्धं.

"टेबल कोपरापासून चार बोटं खाली पाहिजे. म्हणजे पाठ दुखत न्हाई आन्‌ हात थरथरत न्हाई."

"चार बोटं माझी लावायची, आप्पा. तुमची जाड आहेत. टेबल बुटकं होईल."

"होऊ दे की. तेवढं वाकायला काय होतंय तुला?"

खिशातून ते पांढरा दगडी खडू काढतात, लोखंडावर खुणा करायचा, आणि बोटांच्या खाली रेघ ओढतात. खडू बर्फासारखा गार लागतो. रेघेच्या टोकाला ते बारीकशी चोच काढतात, कापायची बाजू कुठली ते कळायला.

कंडक्टर दिसत नाही, पण घंटी दोनदा वाजते.

"आप्पा, का नाही दिला?"

गाडी हलते. ते गाडीबरोबर चार पावलं चालतात. चालताना त्यांना दम लागत नाही.

"चौथा कोपरा निवला का बघ," ते म्हणतात.

"आप्पा, सांगा ना. का नाही दिला?"

ते थांबतात. काच उचलून तोंडापुढं धरतात, आणि मी त्यांच्याकडं बघत असतानाच सगळा स्टँड निळा होतो.

मी जागी होते.

एक चकती मानेखाली गेली आहे, दुसरी पापणीवरच वाळली आहे. डोळे झोंबतात, पण उघडतात. ऊन भिंतीवरून खाली उतरलंय. आई खाटेशेजारी जमिनीवर बसली आहे, मांडीवर पाण्याचं पातेलं, पातेल्यात भिजवलेलं फडकं. कधीपासून बसली आहे कोण जाणे. फडक्याचं पाणी कोमट झालंय.

"किती बडबडतीस गं झोपेत," ती म्हणते.

"काय म्हणत होते?"

ती फडकं पिळते, माझ्या डोळ्यांवर ठेवायला पुढं वाकते, आणि तिचा हात मधेच थांबतो. ती माझ्या उजव्या हाताकडं बघते आहे.

मीही बघते. दुपारी शेडमधून आल्यावर मी डोक्यावरून अंघोळ केली होती. धुतलेला ब्लाऊज घातला होता. आणि तरी कोपराच्या खाली, हाताच्या आतल्या बाजूला, एक पांढरी आडवी रेघ आहे. सरळ, ठसठशीत. टोकाला बारीकशी चोच.

आई पातेलं बाजूला सारते. माझा हात मांडीवर घेते, कोपर चाचपते आणि तिथून खाली आपली चार बोटं लावते. तिची बोटं बारीक आहेत. बोटं संपतात आणि रेघेपर्यंत थोडी जागा उरते.

ती त्या जागेकडं खूप वेळ बघते.

"माझा ओटा बांधताना असंच माप घेतलंतं," ती म्हणते. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. गवंडी हसायला लागला. म्हणाला, मालक, टेप हाय की माझ्याकडं. तर म्हणाले, टेपला काय कळतंय हिची पाठ कुठं दुखती ते."

आप्पांबद्दल ती तीन महिन्यांत पहिल्यांदा बोलते आहे. मी हलत नाही. हलले तर ती थांबेल.

ती पदराचं टोक हातात घेते. मला वाटतं, पुसणार. ती पुसत नाही. रेघेवर पदर नुसता झाकते, वारा लागू नये तसा.

"तू झोपेत त्यांनाच इचारत होतीस. का न्हाई दिला, का न्हाई दिला." ती माझं मनगट उलटं करून बघते. "त्यांनी न्हाई अडवलं, माले. मी अडवलं. नववीत तुझ्या मनगटावर पहिला डाग पडला, त्या रात्री मी त्यांना गळ्याची शपथ घातली, होल्डर पोरीच्या हातात द्यायचा न्हाई म्हणून. डागाळल्या हाताची पोरगी कोण करून घेईल, असं वाटलं मला. कुणी केलीच न्हाई ते न्हाईच."

बाहेर शेडचा पत्रा उन्हानं कडकन वाजतो. ती तिकडं बघत नाही.

"शपथ मोडायचा माणूस नव्हता तो. पर दर खंडेनवमीला, हत्यारं पुजून झाली की सैपाकघराच्या दारात येऊन उभं ऱ्हायाचं, हाताला कुकू तसंच. 'आता देऊ का तिच्या हातात?' इचारायचं. दर साली. औंदाबी इचारलं, खोकत खोकत, दाराला धरून."

"मग तू काय म्हणालीस?"

"पंचेचाळीस वर्षांची तू," आई म्हणते, "आणि मी न्हाईच म्हटलं."