चेहऱ्याच्या जागी चौकोन

संग्रहालयात तिला सगळे भिंगबाई म्हणायचे. काम जुने फोटो स्कॅन करायचं, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्याला कारणही रोजचंच होतं. तिने जीव ओतून केलेला मोठ्ठा फोटो साहेब वेबसाईटवर टाकायचे तो नखाएवढा करून.

"मोठा दिला की लोक चोरतात," साहेब म्हणायचे.

"फोटो काढणारा मरून जमाना झाला, साहेब. हक्क कधीच संपले. लोकांच्याच वस्तूची लोक चोरी कशी करतील?"

साहेब फाईलीत तोंड खुपसायचे. खर्चणाऱ्याचं खर्चतं नि कोठावळ्याचं पोट दुखतं, दुसरं काय.

एक दिवस एक म्हातारी आली. वेबसाईटवरच्या एका फोटोत लाँड्रीतल्या कामगार बायका रांगेत उभ्या होत्या, खाली नावं होती, आणि डावीकडून तिसरी हिची आई होती. ती बाळंतपणातच गेली, त्यामुळे लेकीने आईचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं.

"मोबाईलवर मोठा केला की चेहरा फिसकटतो गं," ती म्हणाली. "डोळे आहेत तोवर एकदा बघू दे."

भिंगबाई परवानगी मागायला गेली. साहेब म्हणाले, मोठा फोटो फक्त अभ्यासकांना. आता प्रदर्शन आहेच, तोच फोटो दारात भिंतभर लावतोय, तिथे बघा म्हणावं. भिंगबाईने राग गिळला आणि म्हातारीला तसं सांगितलं.

उद्घाटनाला म्हातारी ठेवणीतले कपडे घालून आली. बॅनर खरंच भिंतभर होता. पण करणाऱ्याने फोटो उचलला होता वेबसाईटवरून, तोच नखाएवढा, आणि ताणून ताणून भिंतीएवढा केला होता. आईच्या चेहऱ्याच्या जागी नुसते करडे चौकोन.

म्हातारी चष्मा पुसत राहिली. तिला वाटलं, दोष आपल्याच डोळ्यांचा. ते बघून भिंगबाईच्या डोक्यात तिडीक गेली.

"जरा लांबून बघा, आजी. छान दिसतं," साहेब म्हणाले.

"आग लागो त्या लांबून बघण्याला," म्हणत भिंगबाईने पाहुण्यांदेखत म्हातारीचा हात धरला आणि तिला सरळ स्कॅनिंगच्या खोलीत नेलं. पूर्ण फोटो उघडला. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, कपाळावर घाम, वरचा एक दात किंचित पुढे. म्हातारीचाही तसाच होता.

म्हातारीने पडद्यावरच्या त्या दातावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "ही इथेच होती? आणि तू रोज बघत होतीस?"

भिंगबाईला ते झोंबलं, कारण खरंच होतं. तिने खुर्ची ओढली, वेबसाईटवरचा नखाएवढा फोटो काढून टाकला आणि अख्खा मोठा चढवला.

साहेब दारात येऊन उभे होते. "कुणाला विचारून?"

"हिच्या लेकीला," पडद्यावरच्या आईकडे बोट दाखवत भिंगबाई म्हणाली.