जिभेखालची गोळी

वेल्डिंगची ठिणगी पाडण्याआधी तो मोठ्याने "डोळे!" म्हणायचा. आजूबाजूला कोणी नसलं तरी.

कुणाच्याही घरी गेला की आधी खिडकीच्या ग्रिलला टिचकी मारायचा. आवाज ऐकून म्हणायचा, "नुसते टाके मारलेत. सांधा भरलाच नाय."

रस्त्यात खिळा दिसला की उचलून खिशात टाकायचा.

बांगड्याचं डोकं आधी खायचा, मग बाकीचा बांगडा.

स्वतःचंच वाक्य मध्येच दुरुस्त करायचा. "जेवून आलो. नाय, जेवलो नाय. चहा घेतला फक्त."

मला "साहित्य" अशी हाक मारायचा. मी मराठी घेऊन एम.ए. केलं म्हणून. त्याच्या वर्कशॉपात साहित्य म्हणजे कटर, ग्राइंडर, वेल्डिंगच्या काड्या. "तुजं साहित्य कोण चोरीत नाय," तो म्हणायचा. "माजं रोज कुलपात ठेवायला लागतं."

आणि रोज सकाळी, जिभेखालची गोळी विरघळेपर्यंत, तो एक शब्द बोलायचा नाही.

स्वरूप गेल्या एप्रिलात गेला. त्याला अठ्ठाविसावं चालू होतं. लोक विचारतात, काय झालं? मी सांगतो. त्यांना पटत नाही. मला तरी कुठे पटलंय.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत बाबू मिस्त्रींचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, शेडचे सांगाडे. स्वरूप तिथे दहावीनंतर लागला. आमची वाडी तिथून आत, रस्त्याच्या उतारावर. आम्ही एका शाळेत होतो. मी खेडच्या कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागलो, तो वर चढून पत्रे बसवायला लागला.

एका शेडवरून तो पडला. कमरेला मार बसला. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या, थोड्या दिवसांसाठी. थोडे दिवस संपले, दुखणं संपलं नाही. मग तो त्याच गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळवू लागला. गोळी घेतली की कंबर दुखत नसे. मग गोळी घेतली नाही तर सगळंच दुखू लागलं. गोळ्या पुरेनात तेव्हा कुणीतरी त्याला पुडी दिली. तपकिरी पावडर. चांदीच्या कागदावर गरम करून तिचा धूर ओढायचा.

पुढची अडीच-तीन वर्षं मी इथे लिहीत नाही. आईच्या कानातल्या कुड्या गेल्या, एवढंच लिहितो. आई म्हणजे राजश्रीकाकू. कुड्या गेल्या त्या दिवसापासून वडील त्याच्या पंगतीला बसेनात. वडील म्हणजे हरिश्चंद्रआप्पा. तो ओटीवर जेवायचा, ते आत चुलीपाशी.

त्याला उपचाराला नेलं ते त्याच्या बहिणीने, वेदिकाने. ती नर्सिंगला होती. तिने कुठूनतरी माहिती काढली की शहरात ह्यावर औषध मिळतं. जाताना मीही बरोबर होतो. तो रिक्षात कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. नाक गळत होतं, एकामागून एक जांभया येत होत्या.

डॉक्टरबाई साध्या बोलल्या. "ही गोळी जिभेखाली ठेवायची. पुडीसाठी शरीर जे तडफडतं, ते हिच्याने थांबतं. झिंग येत नाही. काम करता येतं, जेवता येतं, झोपता येतं."

"किती दिवस?" वेदिकाने विचारलं.

"लागतील तितके. वर्षं लागली तर वर्षं. एक सांगते. ही बंद करायची वेळ आली तर मी करीन. हळूहळू. तुम्ही आपल्या मनाने करायची नाही. पुडीपेक्षाही ते धोक्याचं आहे."

हे वाक्य मी ऐकलं. वेदिकाने ऐकलं. स्वरूपने ऐकलं. आप्पा तिथे नव्हते.

सुरुवातीला रोज जावं लागे. सिस्टर गोळी बारीक करून स्वतः जिभेखाली ठेवायच्या. "गिळायची नाही हं. गिळलीत तर फुकट." आणि तोंड बंद झालं की मुद्दाम विचारायच्या, "काय स्वरूप, लग्नाचं काय मग?" तो दोन्ही हातांनी पळत सुटल्याची खूण करायचा. बाकावरची माणसं हसायची.

महिन्याभरात त्याच्या गालांवर मांस आलं. बाबू मिस्त्रींनी त्याला परत घेतलं. आधी झाडायला, मग कटिंगला, मग वेल्डिंगला. खोटं बोलण्याची सवय इतकी मुरली होती, की आता तो प्रत्येक वाक्य तपासून बघायचा. मला एकदा म्हणाला, "तीन वर्षं मी कुणाला दिलेला एक शब्द पाळला नाय. आता निदान जेवलो की नाय ते तरी खरं सांगीन."

घरी मात्र आप्पांचं एकच पालुपद. "गोळ्यांनी बिघडला, आता म्हणे गोळ्यांनी सुधारतोय. दारू सोडवायला ताडी पाजतात काय कधी?"

"आप्पा, ते औषध आहे," वेदिका म्हणायची. "मधुमेहाची गोळी नाही का लोक जन्मभर घेत?"

"मधुमेह काय कोन पुडीतनं विकत आणीत नाय."

स्वरूप हसायचा. गोळी तोंडात असेल तर नुसता हुंकार द्यायचा.

असं वर्षाहून जास्त चाललं. मग शिमगा आला.

शिमग्याला आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. अंगणात पाटावर ठेवतात. घरची माणसं ओटी भरतात, आणि गुरव त्या घराचं गाऱ्हाणं घालतो. घरात जे काही दुखतंय ते तो देवीपुढे मोठ्याने मांडतो. प्रत्येक वाक्याला जमलेली वाडी म्हणते, "व्हय म्हाराजा." ज्याच्यासाठी गाऱ्हाणं, त्यानेही म्हणायचं. म्हटलं की तो बांधला गेला.

त्या दिवशी मी खेडला परीक्षेच्या कामात होतो. वेदिकाने नंतर मला मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. भिवा गुरव डोक्याला रुमाल बांधून उभे आहेत. आप्पा त्यांच्या कानात काहीतरी सांगतात. भिवा मान हलवतात आणि खड्या आवाजात सुरू करतात.

"बा देवी म्हाराजा! आज हा हरिश्चंद्र तुज्या पायाशी उभा हाय. त्येच्या लेकराच्या मागं जी काय गोळी लागली हाय..."

"व्हय म्हाराजा!"

"ती गोळी आजपासनं सुटू दे. पुन्यांदा त्येच्या तोंडात जाऊ नये..."

"व्हय म्हाराजा!"

"लेकरू बापाच्या पंगतीला बसू दे म्हाराजा!"

व्हिडिओत स्वरूप दिसतो. दुसऱ्या वाक्याला तो थांबतो. आजूबाजूला बघतो. आप्पा हात जोडून त्याच्याकडे बघतायत. मग त्याचे ओठ हलतात.

त्या दुपारी आप्पा त्याच्या शेजारी पाटावर बसून जेवले.

मी आठवड्याने गावी आलो तेव्हा तो घराकडच्या पाखाडीवर काम करत होता. पाखाडी म्हणजे रस्त्यावरून खाली घराकडे उतरणाऱ्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या. काकूंचे गुडघे गेलेत, पाखाडी उतरताना त्या बसत बसत उतरतात. त्यांच्यासाठी तो लोखंडी पाइपाचा कठडा करत होता. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. नाक गळत होतं. तो जांभई देत होता. मी ओळखलं.

"गोळी घेतलीस?"

"नाय. सोडली." मग स्वतःलाच दुरुस्त केलं. "सुटली नाय अजून. घेत नाय."

"स्वरूप, गाऱ्हाण्यातली गोळी म्हणजे जुनी गोळी. ही नव्हे."

"भिवाकाका जुनी-नवी बोलले नायत. गोळी बोलले. तू येवडा शिकलास, गोळी म्हणजे गोळी, येवडं कळत नाय?"

"देवीला कळत नसेल का, कुठली ते?"

"देवीला कळतं रे साहित्य." तो खाली बसला. पाइप मांडीवर घेतला. "आप्पांना नाय कळत. त्या दिवशी माज्या पानात त्यांनी स्वतःच्या हातानं भात वाढला. तो भात मी कसा परत करू?"

"डॉक्टरबाईंनी काय सांगितलं होतं?"

"ठाऊक हाय."

"मग?"

"डोळे!" तो म्हणाला, आणि काच तोंडासमोर धरून काडी टेकवली. मी मान फिरवली.

घरात काकू त्याच्यासाठी काढा उकळत होत्या. त्याला झोप नव्हती, पोट चाललं होतं. आप्पा मला म्हणाले, "सुहास, बघ, इष भायेर पडतंय. सोसायला लागंल थोडं." त्यांचा चेहरा उजळलेला होता. इतक्या वर्षांनी मी त्यांना तसं पाहत होतो.

मी डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या ऐकून उभ्याच राहिल्या. "आजच घेऊन या. वडिलांनाही." मी वाडीवर परतलो, वेदिकाला मध्ये घेतलं, दोघांनी मिळून आप्पांपुढे सगळं मांडलं. ते म्हणाले, "डाक्टरकडे मागनं बघू. देवीपुढं बोललोय. आधी भिवाला इचारतो."

भिवा गुरव आमच्यासमोरच हसले. "हरिश्चंद्रा, गाऱ्हाणं माणसानं घातलंन, माणूसच फिरवील. सोमवारी नारळ घेऊन ये. जुनी गोळी सुटू दे, औषधाची लागू पडू दे, असं घालतो. देवी काय वकील नाय शब्दावर अडायला."

आप्पाही हसले. मला वाटलं, झालं. संध्याकाळी स्वरूपला सांगितलं. त्याने माझ्या पाठीत धपाटा घातला. "म्हंजे सोमवारपासनं परत माजं तोंड बंद. तुमची मज्जा हाय." गोळी आजच घे म्हटलं तर म्हणाला, "आप्पा स्वतः नारळ घेऊन निघालेत रे. सोमवारपातूर सोसतो. येवडा एक शब्द पाळू दे मला."

तो शनिवारी गेला.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तो वर्कशॉपच्या मागे गेला. कंबर मोडून आली होती म्हणे, सकाळपासून. पाइपांच्या थप्पीला टेकून बसलेला बाबू मिस्त्रींना दिसला. त्यांना वाटलं, उन्हाने डोळा लागलाय. त्यांनी हाक मारली नाही. "रातभर झोपत नव्हता ना बिचारा," ते मला सांगत होते, पुन्हा पुन्हा. सुट्टी संपली तरी उठला नाही, तेव्हा जवळ गेले. ओठ निळे पडले होते. शेजारी चांदीचा कागद होता.

दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर आप्पा मला म्हणाले, मला त्या बाईंकडे ने. मी नेलं. ते खुर्चीवर बसले नाहीत. डॉक्टरबाई उभ्या राहूनच बोलल्या. गोळी चालू होती तोवर पुडीला जागा नव्हती. ती बंद झाली, तडफड परत आली. पण शरीराला पुडीची जुनी सवय उरली नव्हती. त्याने बहुधा जुन्याच मापाने घेतली. त्या मापाला श्वास थांबला.

"आनि गोळी चालू असती तर?" आप्पांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "तर बहुतेक आज तो कामावर असता, आप्पा."

आप्पा खिडकीकडे बघत म्हणाले, "मी भिवाच्या कानात गोळी म्हटलं. मला दुसरा शब्द ठाऊक नव्हता."

मी तेव्हापासून तो दुसरा शब्द शोधतोय. कमरेसाठी दिली ती गोळी. चोरून घेतली ती गोळी. जिभेखाली ठेवली तीही गोळी. डॉक्टरबाई गोळी म्हणाल्या, सिस्टर गोळी म्हणाल्या, आम्ही सगळे गोळी म्हणालो. मी भाषा शिकलो, भाषा शिकवतो. एकाच शब्दात दोन उलट गोष्टी असतात हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुलं वहीत उतरवून घेतात. त्यापायी माझ्या मित्राचा जीव जाईल असं मला कुणी शिकवलं नव्हतं.

परवा वाडीवर गेलो. पाखाडीच्या वरच्या अर्ध्या भागाला कठडा आहे. सांधे भरलेले, घासून गुळगुळीत केलेले, वर लाल रंगाचा हात. काकू त्याला धरून उतरतात. अर्ध्यावर पाइप संपतो. तिथून खाली नुसते खांब उभे आहेत, सिमेंटमध्ये घट्ट बसलेले. आडवा पाइप कापून, तोंडं घासून, भिंतीशी टेकवून ठेवलाय. तो उचलून खांबांवर ठेवायचा आणि सांधे भरायचे, एवढंच काम राहिलंय.