दळवीकाकूंच्या भुकेचं सिरप

काकूंचं वजन पुन्हा दीड किलोने उतरलं होतं. काटा बिघडलाय का म्हणून मी स्वतः उभी राहिले. काटा ठीक होता, दुर्दैवाने.

मी मुलुंडच्या एका हॉस्पिटलात कॅन्सर पेशंटची डाएटिशियन आहे. दळवीकाकू कांजूरमार्गहून यायच्या, आतड्याच्या कॅन्सरची केमो चालू होती. कॅन्सरमध्ये बऱ्याचदा शरीर स्वतःचेच स्नायू जाळायला लागतं आणि भूकही मरते. त्याला कॅकेक्सिया म्हणतात. म्हणून डॉक्टर मॅडमनी भूक वाढवणारं सिरप दिलं होतं. तीन आठवडे झाले, उपयोग शून्य.

"आणखी उतरलं तर केमो पुढे ढकलावी लागेल," मॅडम म्हणाल्या. "घरी काय खातायत ते नीट बघ."

दळवीकाका पोस्टातून रिटायर झालेले. खाण्याची डायरी त्यांनी रेघा मारून आणली होती. 'सकाळी: सौ. अर्धी इडली, मी सहा. दुपारी: सौ. दोन घास भात, मी तीनदा भात. चार वाजता: मला पुन्हा भूक. कारण कळत नाही.'

"काका, सिरप कोण देतं?"

"तिचं तीच घेते. बाटली वेळेवर संपते."

काकांच्या शर्टाचं पोटावरचं बटण कसंबसं टिकून होतं. मी त्यांना रिपोर्ट आणायला खाली पाठवलं आणि काकूंकडे नुसतं बघितलं.

"त्यांच्या चहात घालते," काकू म्हणाल्या.

"का पण?"

"शेजारच्या मंदाने मोबाईलवर बघितलं. हार्मोनचं औषध आहे ना? डोक्यावरचे केस गेले, ते चालवून घेतलं. आता ओठावर आले तर? माका मिशी नको हां."

"मग तसं सांगायचं ना."

"तुम्ही सगळे एवढ्या आशेने बघता. मोरीत ओतायचं जिवावर आलं." मग हळूच म्हणाल्या, "आणि माझ्या काळजीने ते जेवतच नव्हते गं."

मी जाऊन मॅडमना सगळं सांगितलं.

मॅडमनी दोघांना समोर बसवलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे महिनाभर मी बायकांचे हार्मोन पितोय?"

"तीन आठवडे," मॅडम म्हणाल्या.

या औषधाने पायात रक्ताची गाठ होऊ शकते, साखर वाढू शकते. म्हणून काकांचे पाय तपासले, शुगर केली. दोन्ही नॉर्मल. काकूंना मिशीची हमी तोंडी चालेना. मॅडमनी केसपेपरवर लिहिलं: 'या औषधाने मिशी येण्याची शक्यता फार कमी.' काकूंनी ते दोनदा वाचलं आणि पहिला डोस तिथेच घेतला.

सिरपने स्नायू परत येत नाहीत, फक्त खावंसं वाटतं. म्हणून सोबत अंडी, डाळ आणि घरातल्या घरात चालणं लावून दिलं. महिन्याभरात वजन अर्धा किलो वाढलं. ऐकायला किरकोळ वाटेल, पण या आजारात वजन नुसतं टिकलं तरी आम्ही खूश असतो. केमो वेळेवर झाली. काकांना मात्र मी संध्याकाळची भाकरी बंद केली.

तेव्हापासून कुणी 'औषध घेतलं' म्हणालं की मी विचारते, "कोणी?"