कबज आणि कबजा

पोटासाठी सुरतेला आलेली माणसं इथल्या उधना भागात गल्लोगल्ली भेटतील, मीही त्यांतलाच. पण इथे येऊन उरलेलं सगळं आयुष्य निव्वळ पोटासाठी वेचलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. माझ्या बायकोची मोठी बहीण, म्हणजे आमच्या अक्का, त्यांचे हे यजमान. तरुणपणी अमळनेरकडून आले, लूम चालवता चालवता कारखान्यात मास्टर झाले आणि निवृत्तीनंतर आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होते. सुरतेत जेवणाचं कौतुक फार. जेवावं सुरतेत आणि मरावं काशीत, अशी इथे म्हणच आहे. साडूंचं दुःख असं की या दोन गोष्टींच्या मधे जे काही घडायला हवं त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. गिळणं काय, कावळ्यालाही जमतं, असं ते म्हणत. माणसाची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते आणि त्या परीक्षेला ते साठी उलटल्यापासून रोज बसत होते.

चारचौघांत या विषयाची अडचण नको म्हणून त्यांनी कारखान्यातली भाषा कामाला लावली होती. लूमवर ठरलेल्या लांबीचं कापड विणून झालं की ते कापून उतरवतात, त्याला ताका म्हणतात. साडू सकाळी गल्लीत कुणालाही भेटले की रामराम झाल्यावर पहिला प्रश्न, ताका उतरला का? गल्लीतले सगळे म्हातारे या भाषेत तरबेज झाले होते. कुणी सांगे, कालपासून मशीन बंद आहे. कुणी सांगे, उतरला पण तुकड्या-तुकड्यानं. मैद्याला साडू खळ म्हणत. सुताला खळ दिली की ते ताठ होतं, तसंच आतड्याचं होतं, हा त्यांचा सिद्धांत, आणि तो ते लग्नाच्या पंगतीत, समोरच्याच्या पानात नानखटाई पडत असताना सांगत. एकदा शेजाऱ्यांचा नवा जावई आला होता. त्याला यांनी सवयीनं विचारलं, ताका उतरतो ना वेळेवर? तो बिचारा खरोखरच कडोदऱ्याला लूमवर होता. म्हणाला, रोजचे चार-पाच तरी उतरतात, दिवाळीच्या आधी तर जास्तच. साडू त्या पोराकडे असे बघत राहिले की मला वाटलं आता पाया पडतात.

सांत्वनाला जातानाही पोट त्यांच्या पुढे चालत असे. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ गेले तेव्हा सगळे खाली मान घालून बसले होते आणि यांनी मुलाचा हात हातात घेऊन हळूच विचारलं, शेवटच्या दिवशी पोट साफ झालं होतं ना? मुलगा रडता रडता हो म्हणाला. साडूंनी सुस्कारा सोडला, म्हणाले, मग सुटला, मोकळा होऊन गेला. गंमत अशी की त्या दिवशी आलेल्या सगळ्या थोरामोठ्यांच्या शब्दांपेक्षा त्या मुलाला याच वाक्यानं धीर आला, असं त्यानं मला नंतर सांगितलं.

औषधांच्या बाबतीत त्यांची शिस्त मास्टरची होती. नव्या कारागिराला जसं काही दिवस लूमवर उभं करून बघत, तसं ते प्रत्येक औषधाला बघत. इसबगोल, हिरड्याची पूड, एरंडेल, रात्री भिजवलेले अंजीर, दुधात तूप, सगळ्यांना आळीपाळीनं संधी मिळाली. दोन औषधं एका वेळी कधीच नाहीत. मग गुण कुणाचा आणि आळस कुणाचा हे कळणार कसं? पपईनं पहिले काही दिवस उत्तम काम केलं, पुढे तीही बाकीच्यांसारखी वागू लागली म्हणून तिला काढून टाकलं. मी त्यांना एकदा चांगल्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं तपासलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाला, पाणी भरपूर प्या, पालेभाज्या खा, रोज चाला, कुंथू नका, आणि कधी रक्त दिसलं किंवा वजन उतरू लागलं तर लगेच या. साडू बाहेर आले ते नाराज होऊन. इतकं सोपं सांगणारा डॉक्टर शिकलेला कसा असेल, असा त्यांना संशय होता. चालण्याचा सल्ला मात्र त्यांनी मानला, म्हणजे गल्लीत चकरा सुरू केल्या आणि चकरा मारता मारता आणखी लोकांना प्रश्न विचारण्याची सोय झाली.

हे सगळं हसण्यावारी चाललं असतं, पण मधे कोसाडचा फ्लॅट आला. साडूंचा एकुलता एक मुलगा कपडा मार्केटात दुकानावर आहे. बायको आणि मुलीला घेऊन तो भाड्यानं राहत होता. त्यानं सुरतेच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला, नव्या बिल्डिंगमधे एक बेडरूमचं घर घेतलं आणि आईबापांना सांगितलं की आता सगळे एकत्र राहू. अक्कांनी त्याच दिवशी पापडांचे डबे वेगळे काढले. साडू मात्र घर बघायला गेले, स्वयंपाकघराकडे पाहिलंही नाही, थेट संडासाचं दार उघडलं आणि आत कमोड बघून परत फिरले. खुर्चीत बसून पंचायत करता येते, हे काम नाही, असं म्हणत ते रिक्षात बसले. उधन्याच्या घरातला साधा, उकिडवं बसायचा संडास त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतला होता, तोही स्वयंपाकाच्या ओट्याच्या आधी. तो सोडून ते जाणार नव्हते, आणि त्यांना सोडून अक्का जाणार नव्हत्या. अक्का भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमना पोटपायी मनी नात माले न देखताच मोठी हुई जाई." त्याच दिवशी त्यांनी पापडांचे डबे पुन्हा फळीवर ठेवले, पण त्यांतला पापड काही तळला नाही.

अशातच एका दुपारी तो फोन आला. मी समोरच बसलो होतो, म्हणून हे ऐकीव नाही. घराचा ताबा घेण्याला गुजरातीत कबजो म्हणतात. आणि उधन्यात आम्ही बद्धकोष्ठ हा शब्द फक्त औषधाच्या बाटलीवर वाचतो, बोलताना कबज म्हणतो. बिल्डरच्या ऑफिसातल्या मुलीला साडूंच्या मुलाचा फोन लागेना, म्हणून तिनं कागदावरचा दुसरा नंबर, म्हणजे साडूंचा, लावला. तिनं विचारलं, "काका, कबजो बाकी छे ने?" अनोळखी मुलीनं इतक्या आपुलकीनं चौकशी केल्यावर साडू खुर्चीत सावरून बसले. म्हणाले, हो बेन, बाकी आहे, पुष्कळ वर्षांपासून बाकी आहे. ती म्हणाली, तुमच्या बिल्डिंगमधे तर सगळ्यांना मिळाला. साडूंचे डोळे विस्फारले. सगळ्यांना? लहान पोरांनासुद्धा? ती म्हणाली, घरात जितके असतील तितक्यांना, काका. मग तुम्ही कधी घेताय? त्यावर साडू आपल्या मोडक्या गुजरातीत ठासून म्हणाले, "लेवानो नथी बेन, काढवानो छे." घ्यायचा नाही, काढून टाकायचा आहे. तिकडे त्या मुलीनं बरं म्हणून फोन ठेवला.

मी काही बोलणार एवढ्यात साडूंनीच मला जिंकल्यासारखं सांगितलं की बघा, त्या कोसाडच्या बिल्डिंगमधे झाडून सगळ्यांना कबज झालंय, खुद्द ऑफिसातून फोन होता, पाण्यातच दोष असणार. मला उलगडा झाला होता, पण खोटं कशाला बोलू, मला तो विनोद संध्याकाळपर्यंत पुरवून ठेवायचा होता. संध्याकाळ काही हसत आली नाही. मुलगा मार्केटातून थेट उधन्याला आला, चपला न काढता दारातच उभा राहिला. ऑफिसातून त्याला कळवलं होतं की तुमच्या वडिलांना घराचा ताबा नको आहे, ते घर काढून टाकणार म्हणतात. तो रागावला असता तर बरं होतं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "आबा, यायचं नव्हतं तर मला सांगायचं होतं. ऑफिसातल्या पोरीकडून का कळवलंत?"

साडू भांबावले. मग मी मधे पडलो आणि फोनवरचं संभाषण शब्दन् शब्द सांगितलं. अक्का पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाल्या. मुलाला हसू आवरेना, भिंतीला टेकून खाली बसला, डोळे पुसले. पण हसणं ओसरल्यावर तो तसाच बसून राहिला आणि म्हणाला, की त्या मुलीनं चुकीचं ऐकलं असेल, पण ऐकलं ते खरंच आहे ना, तुम्हाला नाहीच यायचं. साडूंनी आपल्या हातांकडे पाहिलं. एवढी वर्षं साऱ्या गल्लीला पोटाचं उघड विचारणारा हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा लाजला.

"माले लाज वाटस रे," ते म्हणाले. "मी आत बसेल, बाहेर तुन्ही बायको उभी, पोरले शाळाले उशीर. कोनी दार ठोकं का मन्हं सगळं बंद व्हई जास. मंग मी तुन्हा घरमा अडकेल माल."

एका संडासाच्या घरात सकाळच्या घाईत आपण दार अडवून बसणार, सून बाहेर ताटकळणार आणि तिच्या मनात आपली किंमत रोज थोडी उतरणार, ही त्यांची खरी भीती होती. कमोड आणि पाणी ही नुसती निमित्तं. मुलानं दुसऱ्याच दिवशी जाऊन घराचा ताबा घेतला. आणि पुढच्याच रविवारी सून एकटी आली, तिनं अक्कांच्या बरोबर डबे बांधले आणि सासऱ्यांना सांगितलं की कमोडसमोर पाय ठेवायला बुटका पाट करून घेतलाय, त्यावर पाय ठेवले की उकिडवं बसल्यासारखंच होतं. साडूंनी पाटाची उंची विचारली, लाकूड कोणतं ते विचारलं आणि मग सामान बांधायला परवानगी दिली.

त्यांना जाऊन काही आठवडे झाल्यावर मी कोसाडला एक रात्र राहायला गेलो. पहाटे खुडबुडीनं जाग आली. बाहेर अजून अंधार होता, साडू आणि अक्का आतल्या खोलीत झोपले होते आणि बाकी सगळे उठून बसले होते. मुलाची आंघोळ झाली होती, सून नातीच्या वेण्या घालत होती, नात बसल्या बसल्या पेंगत होती. गणवेश चढवला, मोजे चढवले, आणि मग तिघंही पुन्हा आपापल्या अंथरुणात शिरून डोक्यावर पांघरूण ओढून पडले. मी सुनेकडे पाहिलं. तिनं पांघरुणातून तोंड काढून ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजली, "आबांच्या आधी आटपून घेतो. आम्ही उठलेलो दिसलो की ते घाई करतात. तुम्ही बोलू नका त्यांच्याजवळ."

थोड्या वेळानं साडू उठले, गरम पाणी प्यायले, आत गेले आणि चांगले निवांत बसले. बाहेर आले ते प्रसन्न चेहऱ्यानं. मला जागा बघून पाय न वाजवता जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आठे बरं शे, साडू. कोनी दार ठोकत नही. ह्या मानसं उशिरा उठतस." मी नुसती मान डोलावली. तेवढ्यात नातीनं झोपेत पाय झाडला आणि पांघरुणातून शाळेचा पांढरा मोजा बाहेर आला.

साडू त्या मोज्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर सुनेच्या पांघरुणावर गेली, मुलाच्या पांघरुणाबाहेर डोकावणाऱ्या ओल्या केसांवर गेली. ते वाकले, नातीच्या पायावर पांघरूण नीट ओढलं आणि माझा हात धरून म्हणाले, "चाल साडू, खाले चक्कर मारी येऊत. झोपू दे त्यासले." तीन मजले उतरेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही आणि एक शब्द बोलले नाहीत, पोटाविषयीसुद्धा नाही.