पालथ्या तांब्यावरचा पेला

आमच्या धाराशिवच्या गल्लीत फायबरचं इंटरनेट आलं तेव्हा कोपऱ्यावर नारळ फुटला आणि एका पुढाऱ्यानं आम्ही जगाशी जोडले गेल्याचं जाहीर केलं. मला तेवढ्या लांब जायचं नव्हतं. सास्तूरला माझी थोरली बहीण एकटी राहते. सकाळच्या न्याहारीनंतर अक्काशी मोबाईलवर लुडो खेळावा, खेळता खेळता बोलावं, एवढंच हवं होतं.

फासा मात्र मध्येच हवेत अडकायचा. "टाकायलास का झोपलास?" अक्का विचारायची. व्हिडिओतल्या एका तज्ज्ञानं उपाय सांगितला. राउटर रोज एकदा आपोआप बंद होऊन चालू होईल असं लावा, लाइन ताजी राहते. मी राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून पहाटे चारची वेळ लावली. त्या दिवशी माझा रुबाब पुढाऱ्यापेक्षा कमी नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाव रंगात आला होता. एकदम अक्का म्हणाली, "थांब रं, पेला वाजायलाय."

आणि आवाज तुटला. पडद्यावर नुसतं चाक फिरू लागलं.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्या घरात राहायला गेल्यापासून अक्का फडताळात तांब्या पालथा घालून त्यावर पितळी पेला ठेवते. त्यातून कुणी पाणी पीत नाही. जमीन हलून तो वाजला की काही न घेता मोकळ्या जागेत पळायचं, हा तिचा नियम.

बायकोच्या फोनवरून मी अक्काला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. वर पाहिलं तर पंखा हलत होता. तो चालू आहे, हे बायकोनं सांगितल्यावर कळलं.

"इथं काय हललं न्हाय," ती म्हणाली.

इथं नाही. पण तिथं? मी गाडीची किल्ली शोधू लागलो. ती माझ्या हातातच होती.

एवढ्यात पडदा जिवंत झाला आणि अक्काची हिरवी सोंगटी पुढं सरकली.

"खेळायलीय!" मी ओरडलो. "अक्का खेळायलीय!"

मग माझं लक्ष माझ्या लाल सोंगटीकडं गेलं. मी सोडली होती तिथं ती नव्हती. माझ्याशिवायच बरीच घरं चालून गेली होती. खेळणारा गप्प झाला की त्याच्या वाटचा डाव यंत्र खेळतं, हे तेव्हा उमगलं. मी हाका मारल्या. अक्काचा डावही यंत्रच खेळत असेल तर? हिरवी पुन्हा हलली, अक्काच्या नावानं, अगदी शांतपणे. रिकाम्या पडद्याचीसुद्धा मला एवढी भीती वाटली नव्हती.

पायात चपला घालत होतो तेव्हा तिचा फोन आला.

"अरं, उसाची डबल ट्रॉली गेली दारावरून. समदी आळी बाहेर आली, मग बसलाव बोलत. फोन घरातच."

"फोन घेऊन पळायला काय होतं तुला?" माझा आवाज चढला होता.

ती म्हणाली, "त्या रातीला जी काय घ्यायला मागं वळली, ती माणसं मागंच राहिली. तुला ठावं हाय." आणि लगेच, "माझी हिरवी कुणी नेली रं घरात?"

पुढच्या दिवशी त्याच वेळी लाइन पुन्हा गेली, तेव्हा मी राउटरचं घड्याळ पाहिलं. ते विलायतेच्या वेळेवर होतं. तिथले पहाटेचे चार म्हणजे इथले सकाळचे साडेनऊ. राउटरनं माझा शब्द पाळला होता, फक्त देश चुकला होता. मी ते सगळं काढून टाकलं. फासा आता पुन्हा अडकतो. अडकू दे.

हिरवी सोंगटी हलली आणि अक्काचा आवाज आला नाही, की मी अजून विचारतो, "अक्का, तूच ना?"

"न्हाय, माझं भूत खेळायलंय," ती म्हणते. "टाक फासा."